पंख आहेत, पण उडता येत नाही

मागच्या उन्हाळ्यात आमच्या चिरंजीवांनी पलीकडच्या गल्लीतल्या गराज सेलमधून एक जुनापुराणा गेम बॉय आणला. करड्या रंगाचा, विटेएवढा जड, पडद्यावर चार छटा आणि त्याही हिरवट. सोबत तांबड्या रंगाचे एक कार्ट्रिज होते, 'पोकेमॉन रेड'. घरात नवा कोरा स्विच असताना हे धूड कशाला, असे सौ.ने विचारलेही. पण मुलाला त्या खेळाचा मूळ अवतार पाहायचा होता. अकराव्या वर्षी 'मूळ' या शब्दाचे आकर्षण फार असते. पुढे पीएच.डी. झाली की ते जाते.

दोन-तीन आठवडे तो त्यात बुडून होता. चारमँडर नावाच्या शेपटीला ज्योत असलेल्या पिल्लापासून सुरुवात केली, त्याला लढवत लढवत छत्तिसाव्या पातळीवर नेले, तेव्हा त्याचा चारिझार्ड झाला. चारिझार्ड म्हणजे आग ओकणारा, भलेमोठे पंख असलेला ड्रॅगनच. खेळातसुद्धा त्याचा प्रकार 'अग्नी आणि उड्डाण' असाच नोंदलेला. एका संध्याकाळी स्वारी रडकुंडीला येऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली. "बाबा, हा गेम बिघडलाय. चारिझार्डला फ्लाय शिकवता येत नाही. पंख आहेत ना त्याला!"

ज्यांच्या घरी हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या खेळात प्रत्येक प्राण्याला एका वेळी चारच डाव येतात. डाव हा शब्द मी कुस्तीतल्या अर्थाने वापरतो आहे, त्याहून चांगला शब्द मला सापडला नाही. काही डाव प्राणी मोठा होता होता आपोआप शिकतो. काही मात्र खेळात मिळणाऱ्या 'मशीन'ने शिकवावे लागतात, आणि कुठल्या प्राण्याला कुठले मशीन चालते हे आधीच ठरलेले असते. पहिल्या खेळात अशी ५० साधी मशिने होती आणि ५ खास. 'फ्लाय' त्या खास पाचांपैकी. या डावावर बसून एका गावाहून दुसऱ्या गावी उडत जाता येते.

मी त्याला ताबडतोब उत्तर देऊन टाकले. म्हटले, त्या काळी मेमरी फार कमी असायची रे, सगळे मावत नसे. आमच्या धंद्यातल्या माणसाचे हे ठेवणीतले उत्तर. जुन्या प्रोग्राममध्ये काही विचित्र दिसले की मेमरीवर ढकलायचे आणि चहा प्यायला जायचे. मुलगा गेला, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही. रात्री मी सहज म्हणून शोधायला बसलो. हौशी लोकांनी हा सगळा प्रोग्राम उलगडून बाइट-बाइट समजावून ठेवला आहे. तासाभरात माझे उत्तर साफ चुकीचे असल्याचे माझ्याच लक्षात आले.

कार्ट्रिज लहानच होते हे खरे. जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी बाजारात आलेला हा खेळ अवघ्या अर्ध्या मेगाबाइटमध्ये बसवलेला होता. आज आपण नातेवाइकांना पाठवतो तो गणपतीचा एक फोटोही त्यापेक्षा मोठा असतो. पण प्रत्येक प्राण्याच्या माहितीसाठी २८ बाइट्सचा एक ठरलेला तक्ता होता आणि त्यातले ७ बाइट्स केवळ मशिनांसाठी राखलेले होते. सात बाइट्स म्हणजे ५६ बिट. मशिने ५५. म्हणजे प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे प्रत्येक मशीनसाठी एक घर आहे, त्यात शून्य लिहा नाहीतर एक लिहा, जागा तेवढीच लागते. चारिझार्डच्या 'फ्लाय'च्या घरात शून्याऐवजी एक लिहायला एका बिटाचाही जादा खर्च आला नसता. तेव्हा मेमरीला दोष देता येत नाही. कुणीतरी माणसाने तिथे शून्य लिहिले होते.

प्राणी १५१ आणि मशिने ५५. गुणाकार केला तर ८३०५ घरे होतात, आणि प्रत्येक घरात 'हो' की 'नाही' हे कुणीतरी ठरवले. खेळाचा पुढचा अवतार, 'यलो', जपानमध्ये सप्टेंबर १९९८ मध्ये आला. त्यात चारिझार्डच्या घरात शून्याचा एक झाला आणि तो उडू लागला. म्हणजे करणाऱ्यांनाही ते खटकले असावे. प्रश्न उरतो तो हा, की आधी शून्य का?

त्यासाठी करणाऱ्यांची थोडी ओळख हवी. सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ सालचा. टोकियोच्या कडेला माचिदा नावाचे उपनगर आहे, तिथे ते वाढले. लहानपणी त्यांना किडे पकडण्याचा विलक्षण नाद होता. (आपल्याकडे चतुर पकडून त्याच्या शेपटीला दोरा बांधायचो, तसे नव्हे, हा मुलगा किड्यांचा अभ्यास करायचा.) पुढे शेते आणि तळी बुजून तिथे इमारती झाल्या, किडे गेले आणि ताजिरी व्हिडिओ गेमकडे वळले. १९८३ मध्ये त्यांनी 'गेम फ्रीक' नावाचे हस्तलिखित मासिक सुरू केले, झेरॉक्स काढून विकायचे. केन सुगिमोरी हे चित्रकार त्यांना या मासिकामुळेच येऊन मिळाले. १९८९ मध्ये त्याच नावाची कंपनी झाली. त्याच वर्षी निन्तेन्दोचा गेम बॉय आला, दोन यंत्रे तारेने जोडता येणारा. त्या तारेतून एखादा किडा या यंत्रातून त्या यंत्रात सरपटत जातो आहे, असे चित्र ताजिरींच्या डोळ्यांसमोर आले, आणि तेच या खेळाचे बीज. खेळ पुरा व्हायला सहा वर्षे लागली. माणसे मूठभर आणि पैशांची कायम चणचण.

आता पुन्हा त्या तक्त्याकडे येऊ. पहिल्या खेळात 'फ्लाय' कुणाकुणाला येते याची यादी मी काढली. पिजी आणि तिचे दोन मोठे अवतार, स्पिअरो, फिअरो, फारफेच्ड नावाचे बदक, डोडुओ, डोड्रिओ, तीन दैवी पक्षी, एक टेरोडॅक्टिलसारखा एरोडॅक्टिल, आणि सगळेच डाव शिकणारा म्यू. आता कुणाला येत नाही ते बघा. फुलपाखरू बटरफ्री, वटवाघूळ झुबॅट आणि गोल्बॅट, टोळासारखा सायथर, ड्रॅगनाइट, ग्याराडोस आणि आपला चारिझार्ड. हे सगळे खेळाच्या दृष्टीने 'उड्डाण' प्रकारचे, बहुतेकांना पंखही आहेत. पण यातला एकही पक्षी नाही!

उलट डोडुओ आणि डोड्रिओ यांना पंखच नाहीत. शहामृगासारखे धावणारे, दोन आणि तीन डोक्यांचे हे प्राणी. ते मात्र खुशाल उडतात आणि पाठीवर माणूसही घेऊन जातात. गेली पंचवीस-तीस वर्षे जगभरची पोरे या गोष्टीला हसत आली आहेत. पण यादी समोर ठेवली की हसू थांबते. तक्ता भरणाऱ्याने 'पंख आहेत का' असा प्रश्न विचारलेलाच नसावा. त्याने 'पक्षी आहे का' एवढेच विचारले असावे.

आणि याला एक पुरावाही आहे, मला तो पाहून अंगावर काटा आला. खेळात प्राण्यांचे पंधरा प्रकार आहेत, प्रत्येकाला प्रोग्राममध्ये एक क्रमांक. उड्डाणाचा क्रमांक दोन. पण सहाव्या क्रमांकावर एक सोळावा प्रकार पडून राहिलेला सापडतो, तो एकाही खऱ्या प्राण्याला दिलेला नाही. त्याचे नाव आहे 'पक्षी'. जुन्या वाड्याची भिंत पाडावी आणि आत बुजवलेला कोनाडा निघावा, तसे ते नाव तिथे बसलेले आहे. केव्हातरी आराखड्यात 'पक्षी' हा स्वतंत्र प्रकार होता, मग तो गळाला. त्या विचाराने भरलेली घरे मात्र तशीच राहिली असावीत. हा शेवटचा दुवा माझा तर्क आहे, कुणाच्या मुलाखतीत मी तो वाचलेला नाही. पण तक्त्याशी तो तंतोतंत जुळतो.

'सर्फ'चेही असेच. हा डाव पाण्यातल्या प्राण्यांचा, लाट उसळवण्याचा. पण तो ऱ्हायडनलाही येतो. ऱ्हायडन म्हणजे दोन पायांवर उभा असलेला, दगडी कातडीचा गेंडा. प्रकार खडक आणि माती, म्हणजे पाण्याचा मार त्याला चौपट लागतो. हा लाटेवर स्वार होतो! निडोकिंग, निडोक्वीन, कांगास्कान, लिकिटंग आणि गलेलठ्ठ स्नॉरलॅक्सही त्याच रांगेत. यांची चित्रे शेजारी-शेजारी ठेवा. सगळे दोन पायांवर उभे, जाड शेपटीचे किंवा पोटाचे, भारदस्त. जपानी डोळ्याला हे 'काइजू' दिसतात, १९५४ च्या गॉडझिलापासूनचे महाकाय राक्षस. आणि गॉडझिला येतो कुठून? समुद्रातून. ताजिरींनी १९९९ च्या एका मुलाखतीत सांगितले आहे की लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या अल्ट्रामॅनच्या मालिकेतले डबीतून निघणारे राक्षसही या खेळात उतरले आहेत. खेळाचे पहिले नावसुद्धा 'कॅप्सूल मॉन्स्टर्स' असेच होते.

शिवाय ऱ्हायडन हा सगळ्यांत आधी तयार झालेला प्राणी. प्रोग्राममधला त्याचा अंतर्गत क्रमांक एक आहे. कांगास्कान दोन, निडोकिंग सात, लिकिटंग अकरा, निडोक्वीन सोळा. क्रमांक म्हणजे काळाचा क्रम असे डोळे मिटून म्हणता येत नाही. म्यू सर्वांत शेवटी घुसवला तरी त्याचा क्रमांक एकवीस आहे, कारण एकूण १९० जागांपैकी ३९ रिकाम्या होत्या आणि त्यातली एक त्याला मिळाली. पण हे राक्षस अगदी सुरुवातीच्या घोळक्यातले आहेत हे नक्की. चार पायांवर चालणारा ऱ्हायहॉर्न हा ऱ्हायडनचेच लहान रूप, तो अठराव्या क्रमांकावर, आणि त्याला 'सर्फ' येत नाही. त्याला काइजू कोण म्हणेल?

इथे मला माझीच एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. डॉक्टरेट घेऊन नोकरीला लागलो त्या पहिल्या वर्षी एका वित्तसंस्थेच्या जुन्या प्रोग्रामवर काम होते. त्यात एक कोष्टक होते, बारा महिन्यांचे दिवस. बाराही महिने तीस दिवसांचे! फेब्रुवारीसुद्धा. कुणीतरी आळशी माणसाने लिहिले असेल, असे म्हणून मी मोठ्या रुबाबात ते दुरुस्त केले आणि घरी जाऊन सौ.ला सांगितलेही. दुसऱ्या दिवशी सकाळी हजारो रोख्यांचे व्याज जुळेना. रोख्यांच्या व्याजात प्रत्येक महिना तीस दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरण्याची पद्धत आहे, ती संगणकाच्याही आधीची. माझ्या डॉक्टरेटमध्ये ती आली नव्हती. निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्याने ते दोन मिनिटांत ओळखले. तो रागावला असता तर बरे झाले असते. तो नुसताच हसला.

असो. पण म्हणून खेळातला प्रत्येक विचित्रपणा शहाणपणाचाच होता असेही नाही. काही चुका सरळ चुकाच आहेत. 'फोकस एनर्जी' नावाचा डाव नेमका घाव बसण्याची शक्यता वाढवण्यासाठी आहे. प्रत्यक्षात तो ती एक चतुर्थांश करतो! शंभर टक्के अचूक डाव २५६ वेळांतून एकदा चुकतो, कारण तुलना करताना 'पेक्षा कमी' लिहिले आहे आणि 'इतका किंवा कमी' लिहायला हवे होते. ही चूक आपल्यातल्या प्रत्येक प्रोग्रामरने एकदा तरी केली आहे, न केल्याचे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

सर्वांत चटका लावणारी गोष्ट किड्यांची आहे. ज्या माणसाच्या बालपणीच्या किड्यांवर हा सगळा डोलारा उभा राहिला, त्याच्या खेळात किडे अगदीच दुबळे निघाले. किडे-प्रकारचे मार देणारे डाव तीनच, तिन्ही किरकोळ ताकदीचे. त्यातला एक, पिन मिसाइल, तर जॉल्टिऑन नावाच्या विजेच्या काटेरी कुत्र्यालाही येतो. आणि पिन्सर, म्हणजे शिंगवाला भुंगा, जो जपानी मुलांच्या उन्हाळी सुट्टीचा राजा, त्याला किडे-प्रकारचा एकही डाव येत नाही. सायथरलाही नाही.

यामुळे सगळ्या खेळाचा तोल गेला. 'मनोबल' प्रकारच्या प्राण्यांना दोघांचीच भीती असे, भुतांची आणि किड्यांची. खेळातलाच एक पात्र आपल्याला तसे बजावतो. पण किड्यांकडे शस्त्र नाही; चांगली नांगी असलेली बीड्रिल ही गांधीलमाशी विषारी प्रकारची, तिला मनोबलाचा मार दुप्पट बसतो. आणि भुतांचे काय? तक्त्यात भूत विरुद्ध मनोबल या घरात 'दुप्पट' लिहायचे तिथे 'शून्य' लिहिले गेले. ते पात्र खरे सांगत होते, तक्ता खोटा होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' आले तेव्हा कुठे ते दुरुस्त झाले.

हिटमॉनचॅनची कथा मला फार जवळची वाटते. हा मुष्टियोद्धा. जपानी नाव एबिवारा, १९६३ साली जगज्जेता झालेल्या हिरोयुकी एबिहारा या मुष्टियोद्ध्यावरून. त्याचा जोडीदार सावामुरा हा तादाशी सावामुरा या किकबॉक्सरवरून. अमेरिकेत यांचे जॅकी चॅन आणि ब्रूस ली झाले. तर या एबिवाराला आगीचा, बर्फाचा आणि विजेचा असे तीन खास ठोसे येतात. ठोसा म्हटला की बाहूंचे बळ, आणि ते त्याच्याकडे भरपूर होते, १०५. पण पहिल्या खेळात डाव शरीराचा की मंत्राचा हे डावाच्या प्रकारावरून ठरे. प्रकाराचा क्रमांक वीसच्या आत असला तर शारीरिक, वीस किंवा पुढे असला तर 'स्पेशल'. एका तुलनेत काम झाले, अभियंता म्हणून मला हे फार आवडते. पण आग, बर्फ, वीज हे तिन्ही वीस किंवा त्यापुढचे. त्यामुळे त्याचे ठोसे 'स्पेशल' गुणावर मोजले जात, आणि तो होता फक्त ३५. सही डाव, सही माणूस, आणि मोजमाप चुकीच्या पट्टीने. प्रत्येक डावाला स्वतःची खूण द्यायला फार तर १६५ बाइट्स लागले असते, कारण डाव १६५ होते. ही सुधारणा सप्टेंबर २००६ मध्ये 'डायमंड' आणि 'पर्ल' मध्ये झाली. दहा वर्षे बिचारा नुसताच हवेत हात मारत होता. (परदेशातल्या पहिल्या नोकरीत आपल्यातल्या अनेकांना हा अनुभव आला असेल, पण तो वेगळा विषय.)

काही विचित्रपणा तर जपानी खेळात नव्हताच, तो भाषांतरात जन्मला. मॅजिकार्प हा कोय मासा. त्याला सुरुवातीला एकच डाव येतो, इंग्रजीत 'स्प्लॅश', आणि त्याने काहीही होत नाही. पुढच्या खेळात हॉपिप नावाची वाऱ्यावर तरंगणारी रोपटी आली आणि तिलाही 'स्प्लॅश'! कोरड्या हवेत पाणी कुठले? जपानी नाव आहे 'हानेरू', म्हणजे नुसते उसळणे, टुणकन उडी मारणे. मासाही उसळतो, रोपटीही उसळते. १९९८ साली भाषांतर करणाऱ्यासमोर एकटा मासा होता, त्याने पाणी उडवले. त्याचा दोष नाही. २००६ च्या खेळात तर गुरुत्वाकर्षण वाढवणारा डाव चालू असताना 'स्प्लॅश' करता येत नाही, तेव्हा इंग्रजी खेळणारे पुन्हा गोंधळले. आणि कोय मासा धबधबा उसळून चढला की ड्रॅगन होतो ही चिनी दंतकथा ठाऊक असेल तर उसळण्याला अर्थ येतो. मॅजिकार्प विसाव्या पातळीवर ग्याराडोस होतो, तो याच कथेतून.

'डार्क' या प्रकाराचेही तसेच. चावणे, चोरी, टोळक्याने मिळून बडवणे यात अंधाराचा काय संबंध, असे माझ्या मुलाला वाटे. जपानीत त्या प्रकाराचे नाव 'आकु', म्हणजे दुष्ट. आपण मराठीत 'खल' म्हटले असते. खलाची खोड पहिलवान मोडतो, म्हणून कुस्ती-प्रकार त्याच्यावर भारी. एका शब्दाने सगळे सरळ झाले.

२००२ पासून डावांबरोबर प्रत्येक प्राण्याला एक अंगचा गुण मिळाला आणि नवे घोटाळे सुरू झाले. स्लेकिंग हा प्रचंड ताकदीचा वानर, पण त्याचा गुण आळस, एक फेरी सोडूनच तो हलतो. हे मुद्दाम केलेले. वॉबफेटचे मात्र कुणाच्या ध्यानात आले नसावे. त्याचा गुण असा की समोरच्याला पळता येत नाही. दोन वॉबफेट समोरासमोर आले आणि दोघांकडे दर फेरीला जखम भरून काढणारी वस्तू असली, तर लढाई कधीच संपत नाही. आमच्या शास्त्रात याला डेडलॉक म्हणतात. २००६ मध्ये नियम बदलून तो सोडवला.

या सगळ्यामागचे कारण कागदावर फारसे कुठे लिहिलेले नव्हते. म्यूचीच गोष्ट घ्या. खेळ पुरा झाल्यावर चाचणीचा प्रोग्राम काढला, सुमारे ३०० बाइट्स मोकळे झाले, आणि शिगेकी मोरिमोतो यांनी अगदी शेवटी त्यात एक प्राणी बसवला. पुढे या लढाया निन्तेन्दो ६४ या मोठ्या यंत्रावर न्यायच्या होत्या, तेव्हाही नीट कागदपत्रे नव्हती. सातोरू इवाता तेव्हा दुसऱ्याच एका कंपनीचे अध्यक्ष होते. त्यांनी मूळ प्रोग्राम मागवला, स्वतः वाचला आणि आठवड्याभरात लढाईचा भाग नव्या यंत्रावर चालता केला. खुद्द मोरिमोतोंनीच पुढे हे आश्चर्याने सांगितले आहे. अध्यक्ष झालेला माणूस बसून दुसऱ्याचा प्रोग्राम वाचतो, हे मी आमच्या ऑफिसात सांगितले तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला माझे उत्तर चुकल्याचे सांगितले. पक्ष्यांची यादी दाखवली, तो सहावा क्रमांक दाखवला. तो बराच वेळ यादी वाचत बसला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनी चारिझार्डला बर्ड धरलंच नाही." मी म्हटले, तसेच दिसते.

ऑक्टोबरात एके सकाळी यंत्र सुरू केले तर खेळ पहिल्यापासून. जुन्या कार्ट्रिजात केलेला खेळ लक्षात ठेवायला नाण्याएवढी एक बॅटरी असते, तिने मान टाकली होती. चारिझार्ड गेला, तीन महिन्यांची मेहनत गेली. तो दिवसभर कुणाशी बोलला नाही. शनिवारी आम्ही दोघांनी मिळून कार्ट्रिज उघडले, जुनी बॅटरी काढली आणि नवी डाखली. डाख त्यानेच दिला, मी नुसता प्लेट धरून होतो. मी म्हटले, आता 'यलो'चे कार्ट्रिज मागवू या का, त्यात तो उडतो.

"नको," म्हणाला. तांबडे कार्ट्रिज परत आत सरकवले, आणि सुरुवातीला तीन पिल्ले पुढे येतात त्यातून त्याने पुन्हा चारमँडरच उचलले.